'एमिलिया गालोट्टी'चा शेवट: कबुली की युक्तिवाद?

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीची अडचण थोडक्यात अशी आहे. त्या जर्मन साहित्यात एम. ए. करत आहेत, अभ्यासक्रमात अठराव्या शतकातील जर्मन नाटककार लेसिंगचे 'एमिलिया गालोट्टी' हे नाटक आहे, आणि ग्रंथालयातून आणलेल्या तीन पुस्तकांनी त्याच्या शेवटाचे तीन निरनिराळे अर्थ सांगितले आहेत. एकाच्या मते हे जुलमी राजसत्तेविरुद्धचे नाटक आहे. दुसऱ्याच्या मते एमिलिया मनातून प्रिन्सकडे ओढली गेली आहे आणि तीच ओढ तिला असह्य होते. तिसऱ्याच्या मते बापाच्या कठोर नीतिकल्पनेने मुलीचा बळी घेतला आहे. "तिन्ही वाचताना पटतात. मग निबंधात खरा अर्थ म्हणून कोणता मांडू?" असा त्यांचा प्रश्न आहे.

मी पंचवीसहून अधिक वर्षे पुण्यात जर्मन शिकवतो आणि त्यातली निदान पंधरा वर्षे हे नाटक वर्गात वाचून घेतले आहे, त्यामुळे ही कोंडी माझ्या ओळखीची आहे. माझ्या मते तुमची खरी अडचण तीन अर्थांतून एक निवडण्याची नाही. या तीन वाचनांनी नाटकाला तीन वेगळे प्रश्न विचारले आहेत, हे त्या पुस्तकांनी स्पष्ट केलेले नाही, आणि तुमचा गोंधळ तिथून सुरू होतो. पहिले वाचन विचारते की या मृत्यूला जबाबदार कोण. दुसरे विचारते की एमिलियाला मरावेसे का वाटते. आणि तिसरे विचारते की बापाचा हात का उठतो. आधी आपला प्रश्न ठरवला, तर बराच गुंता सुटतो. जो उरतो तो मात्र खरा आहे, आणि तो नाटकातच आहे, समीक्षकांनी निर्माण केलेला नाही.

कथानक तुम्हाला माहीत आहे, तरी पुढच्या विवेचनासाठी दोन-चार गोष्टी समोर ठेवतो. इटलीतील ग्वास्ताल्ला या छोट्या संस्थानाचा प्रिन्स हेत्तोरे गोन्झागा एमिलियाच्या प्रेमात पडला आहे. तिचे काउंट आप्पियानीशी त्याच दिवशी लग्न व्हायचे आहे. प्रिन्सचा कारभारी मारिनेल्ली वाटेत हल्ला घडवून आणतो, आप्पियानी मारला जातो, आणि सुटकेच्या बहाण्याने एमिलियाला प्रिन्सच्या दोसालो येथील विलासगृहात आणले जाते. प्रिन्सने टाकलेली काउंटेस ऑर्सिना एमिलियाच्या वडिलांच्या, म्हणजे ओदोआर्दोच्या, हाती खंजीर देते. हा खंजीर प्रिन्ससाठी आहे. पाचव्या अंकात तो मुलीच्या छातीत जातो. खंजिराची दिशा का बदलली, हा सगळ्या वादाचा गाभा आहे, आणि कोणत्याही वाचनाची पहिली परीक्षा मी त्यावरच घेतो.

राजकीय वाचनाला मोठा आधार आहे, आणि तो पहिल्या अंकापासूनचा आहे. प्रिन्स सकाळी अर्ज चाळत असताना एमिलिया ब्रुनेस्की नावाच्या कोणा बाईची भली मोठी मागणी त्याच्या हाती येते, आणि केवळ नाव एमिलिया आहे म्हणून तो ती मंजूर करतो. त्याच अंकाच्या शेवटी देहदंडाचा हुकूम सहीसाठी येतो, तेव्हा घाईत असलेला प्रिन्स "आनंदाने" म्हणून मोकळा होतो. सल्लागार कामिल्लो रोता तो शब्द ऐकून हादरतो आणि कागद पुढे करतच नाही. निरंकुश सत्तेवर यापेक्षा कठोर टीका लांबलचक भाषणातून साधली नसती. १८९३ साली मार्क्सवादी समीक्षक फ्रान्झ मेहरिंग यांनी लेसिंग हा प्रशियाच्या राजघराण्याच्या छायेत वाढलेला लेखक ही समजूत खोडून काढली आणि त्याला उदयाला येणाऱ्या मध्यमवर्गाचा लढाऊ प्रतिनिधी म्हणून उभे केले. पुढे या वाटेने गेलेल्या समीक्षकांनी खंजिराच्या वळण्याचेही उत्तर दिले: अठराव्या शतकातील जर्मन मध्यमवर्गापाशी नैतिक आत्मविश्वास होता, पण राजकीय बळ नव्हते, म्हणून त्याचे शस्त्र स्वतःवरच चालले.

हे उत्तर आकर्षक आहे, परंतु त्याच्यापुढे लेसिंगच्याच शब्दांची अडचण उभी राहते. नाटकाचा मूळ आधार रोमन इतिहासकार लिव्ही याच्या तिसऱ्या ग्रंथातील व्हर्जिनियाची कथा आहे. अप्पियस क्लॉडियस या सत्ताधाऱ्याच्या वासनेतून वाचवण्यासाठी बाप मुलीला ठार करतो, लोक उठाव करतात आणि सत्ता कोसळते. (आप्पियानी आणि एमिलियाच्या आईचे क्लाउदिया ही नावे एकत्र म्हणून पाहा, त्या जुलमी माणसाचे नाव लेसिंगने फोडून दोन सज्जन पात्रांना वाटून दिलेले दिसेल.) २१ जानेवारी १७५८ रोजी निकोलाई या मित्राला लिहिलेल्या पत्रात लेसिंग म्हणतो की ज्या मुलीचे शील बापाला तिच्या जिवापेक्षा मोलाचे वाटते आणि म्हणून जिला बाप मारतो, तिचे दैव स्वतःच पुरेसे शोकात्म आहे, त्यामागून राज्यव्यवस्था उलथली नाही तरी चालेल. म्हणजे उठाव त्याने जाणूनबुजून वगळला. नाटकाचा पहिला प्रयोग १३ मार्च १७७२ रोजी ब्राउनश्वाइगला, तिथल्या डचेसच्या वाढदिवसानिमित्त झाला, आणि लेसिंग त्या वेळी त्याच घराण्याच्या वोल्फेनब्यूटेल येथील ग्रंथालयाचा ग्रंथपाल होता. हे पाहून कोणी म्हणेल की त्याने सावधगिरीने राजकारण झाकले. तसे असूही शकते. पण १७५८ साली तो कोणत्याही दरबाराचा नोकर नव्हता, आणि विचार तेव्हाही हाच होता. 'हाम्बुर्गिशे ड्रामाटुर्गी' या आपल्या नाट्यसमीक्षेच्या ग्रंथातही त्याने लिहिले आहे की राज्य ही कल्पना आपल्या भावनांसाठी फारच अमूर्त आहे. राज्यासाठी कोणी रडत नाही, मुलीसाठी रडते, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या वाचनाला सर्वांत मोठा पाठिंबा महाकवी गटेचा आहे. रीमर या त्याच्या सहकाऱ्याने नोंदवून ठेवल्याप्रमाणे गटेचा आक्षेप असा होता की या मुलीचे प्रिन्सवर प्रेम आहे हे नाटकात कुठेही उघड सांगितलेले नाही, ते केवळ सूचित आहे. ते सांगितले असते तर बाप तिला का मारतो हे कळले असते. त्यापुढे तिच्या भित्रेपणाविषयी त्याने वापरलेले शब्द फार उर्मट आहेत, ते इथे देत नाही. या वाचनाचा पुरावा पाचव्या अंकाच्या सातव्या प्रवेशात आहे, जिथे एमिलिया म्हणते की बळजबरीला कोणीही तोंड देऊ शकतो, खरी बळजबरी म्हणजे भुलवणे. माझ्याही अंगात तरुण, उष्ण रक्त आहे, माझीही इंद्रिये इंद्रियेच आहेत. प्रिन्सचा चॅन्सेलर ग्रिमाल्दी याच्या घरी आईच्या देखत घालवलेल्या एका तासाने मनात असा कल्लोळ उठला की धर्माच्या कठोर आचरणाने तो कित्येक आठवडे शमेना, असेही ती सांगते. तिसऱ्या अंकातील एक रंगसूचना याच बाजूने वारंवार पुढे केली जाते: प्रिन्स तिला आत नेतो, "विरोधाशिवाय नव्हे". दुहेरी नकाराची ती सूचना पूर्ण विरोधही सांगत नाही आणि संमतीही सांगत नाही. मायकेल टाल्हायमर यांनी २००१ साली बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये केलेला गाजलेला प्रयोग, ज्यात संवाद झपाट्याने उरकले जात आणि शरीरांमधली ओढ व ताण हेच मुख्य कथानक होई, तो या वाचनाचा रंगभूमीवरचा जवळचा नातेवाईक म्हणता येईल.

अनेक वर्षे मी स्वतः वर्गात राजकीय वाचन मुख्य धरत असे आणि हे मानसशास्त्रीय वाचन पुरवणी म्हणून सांगत असे. माझे मत पुस्तकाने बदलले नाही, वर्गातल्या एका वाचनाने बदलले. एमिलियाचे संवाद वाचणाऱ्या विद्यार्थिनीने "माझ्याही अंगात रक्त आहे" हे वाक्य वहीकडे किंवा वर्गाकडे न पाहता ओदोआर्दो वाचणाऱ्या मुलाकडे रोखून पाहत म्हटले, आणि तो मुलगा नकळत खुर्चीत मागे सरकला. त्या क्षणापर्यंत मी ते वाक्य कबुलीजबाब म्हणून ऐकत आलो होतो, जणू ते प्रेक्षकांना सांगितलेले गुपित आहे. वस्तुतः ते बापाला उद्देशून आहे, आणि त्याच्याकडून एक गोष्ट मिळवण्यासाठी आहे.

घरी जाऊन मी त्या प्रवेशातील संवादांचा क्रम पुन्हा तपासला. तुम्हीही तो तपासावा, कारण अर्थाचा निकाल मला तिथे लागतो असे वाटते. ओदोआर्दो सांगतो की मी इतका संतापलो होतो की प्रिन्स आणि मारिनेल्ली या दोघांपैकी एकाचे हृदय छेदण्यासाठी खंजिराला हात घातला होता. एमिलिया त्याला थांबवते आणि लगेच म्हणते, हा खंजीर मला द्या. तो म्हणतो, बाळ, ही केसातली पिन नव्हे. ती हट्ट सोडत नाही. तो म्हणतो, तुलाही एकच जीव आहे. ती म्हणते, आणि एकच निष्कलंकता. तो म्हणतो, ती तर साऱ्या बळजबरीच्या पलीकडे आहे. इथे बापाने मुलीचे तोंड तिच्याच नीतीच्या भाषेत बंद केले आहे: मनाने शुद्ध असशील तर मरण्याचे कारणच काय? आणि या नकारानंतर, त्याच्या आधी नव्हे, रक्ताचे आणि इंद्रियांचे वाक्य येते. म्हणजे खंजिराची मागणी आधी आहे आणि 'कबुली' नंतर. मागणी नाकारली गेल्यावर तिने पुढे केलेला तो युक्तिवाद आहे.

तो युक्तिवाद खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. ग्रिमाल्दीच्या घरातला कल्लोळ खरा असू शकतो, आणि मला तो खरा वाटतो. पण ती तो नेमक्या कोणत्या माणसापुढे ठेवते आहे ते पाहा. दुसऱ्या अंकात क्लाउदिया नवऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगते की प्रिन्स आपल्या मुलीशी ग्रिमाल्दीकडे बोलला, तेव्हा ओदोआर्दो भडकून म्हणतो की मला प्राणघातक जखम करायची तर ती जागा नेमकी हीच आहे. ते वाक्य एमिलियाने ऐकलेले नाही, परंतु असा बाप ज्या घरात आहे त्या घरात वाढलेल्या मुलीला ती जागा ठाऊक असणारच. पाचव्या अंकात ती त्या जागेवरच बोट ठेवते. तेवढ्याने भागत नाही. तो खंजीर देतो आणि परत हिसकावून घेतो. तेव्हा ती केसातली पिन शोधते, हाताला लग्नाचा गुलाब लागतो, तो ती काढून टाकते, आणि शेवटचे हत्यार बाहेर काढते: पूर्वी असा एक बाप होता, ज्याने मुलीला कलंकापासून वाचवण्यासाठी हाती लागेल ते पाते तिच्या हृदयात खुपसले, पण तसे बाप आता उरले नाहीत. ओदोआर्दो म्हणतो, "आहेत, मुली, आहेत!" आणि वार करतो. व्हर्जिनियाची कथा इथे लेखक प्रेक्षकाला सांगत नाही, मुलगी बापाला सुनावते आहे.

तिसऱ्या वाचनाकडे आता वळतो, कारण माझे वाचन त्याच्या सर्वांत जवळ आहे, तरी तेच नाही. १९८० च्या दशकात स्त्रीवादी समीक्षकांनी या नाटकातील पित्याच्या सत्तेकडे लक्ष वेधले आणि प्रिन्स व ओदोआर्दो हे शत्रू असूनही एका बाबतीत सारखे आहेत हे दाखवले: दोघांनाही एमिलिया ही राखायची किंवा मिळवायची वस्तू आहे. पहिल्या अंकात प्रिन्स तिचे चित्रकार कोंतीने काढलेले चित्र विकत घेतो. पाचव्या अंकात बाप तिची मूर्ती अभंग ठेवतो. आपल्याकडच्या वर्गात हे वाचन सुरू झाले की पाच मिनिटांत 'ऑनर किलिंग' हा शब्द निघतो. तो पूर्ण चुकीचा नाही, पण निबंधात वापरायचा असेल तर जपून वापरा. त्या गुन्ह्यात लोक काय म्हणतील हा धाक मोठा असतो. इथे दोसालोत बघणारे गाव नाही, जातपंचायत नाही, बाप आणि मुलगी दोघेच आहेत, आणि त्यांच्यामध्ये जी नीती आहे ती दोघांनीही मनापासून स्वीकारलेली आहे. भयंकर आहे ते हेच.

एमिलियाला केवळ बळी मानणारे वाचन एका जोडीकडे दुर्लक्ष करते, म्हणून मी तिसऱ्या वाचनाशी पूर्ण सहमत होत नाही. दुसऱ्या अंकात चर्चमधून धावत आल्यावर, प्रिन्सने प्रार्थनेच्या वेळी मागून कुजबुजलेले शब्द ऐकू येऊ नयेत म्हणून आपण बहिरे होण्याची प्रार्थना केली हे सांगितल्यावर, ती सारे आप्पियानीच्या कानावर घालायचे म्हणते. आई तिला गप्प राहायला सांगते आणि ती उत्तर देते की तुमच्या इच्छेविरुद्ध मला इच्छा नाही. पाचव्या अंकात तीच मुलगी म्हणते, "तो मला ओढून नेऊ पाहतो, नेऊ इच्छितो, जणू आम्हाला इच्छाच नाही, बाबा!" एकाच दिवसाच्या दोन टोकांना ही दोन वाक्ये आहेत. इच्छा तिला सापडली आहे, पण ती मांडायला तिच्यापाशी बापाच्या भाषेखेरीज दुसरी भाषा नाही, आणि त्या भाषेत मुलीच्या इच्छेला एकच क्रियापद उपलब्ध आहे, ते म्हणजे मरणे. लेसिंगने १० फेब्रुवारी १७७२ रोजी भाऊ कार्लला लिहिले होते की नाटकाचे नाव एमिलिया आहे म्हणून ती सर्वांत ठळक पात्र असावी असा माझा हेतू नव्हता, आणि कुमारी वीरांगना व तत्त्वज्ञ मला मुळीच रुचत नाहीत. मला वाटते तो पहिल्या चार अंकांबाबत खरे बोलला. पाचव्यात ती त्याच्या हातून निसटली.

आता एक गोष्ट जी तुमच्या पुस्तकांत सापडणार नाही, कारण ती पुस्तके मराठी वाचकांसाठी लिहिलेली नाहीत. कळीची चार-पाच वाक्ये मराठीत उतरवून पाहा. 'गेवाल्ट' या एकाच जर्मन शब्दात बळजबरीही आहे आणि सत्ताही आहे. मराठीत तुम्ही 'बळजबरी' लिहिले की राजकीय वाचन मावळते आणि 'सत्ता' लिहिले की प्रसंगाची धग जाते. 'फेरफ्यूरुंग'ला 'मोह' म्हटले तर दोष एमिलियाच्या मनात जातो आणि गटे जिंकतो, 'भुलवणे' म्हटले तर कर्ता प्रिन्स ठरतो. 'टूगेंड'साठी 'शील' घेतले तर सारे नाटक मुलीच्या शरीराभोवती फिरते, 'सद्गुण' घेतले तर प्रबोधनकाळाचे व्याख्यान ऐकू येते. वर १७५८ च्या पत्राविषयी लिहिताना मी 'शील' घेतला. तीही एक बाजू घेणेच आहे. आणि या नाटकाला लावल्या जाणाऱ्या 'ब्यूर्गरलिश' या विशेषणाचे भाषांतर बहुतेक विद्यार्थी 'मध्यमवर्गीय' असे करतात आणि मग अडकतात, कारण ओदोआर्दो हा कर्नल आहे, त्याची स्वतःची शेतवाडी आहे, जावई काउंट आहे. त्या काळी त्या शब्दात 'राजकारभाराशी संबंध नसलेले, घरगुती, खाजगी' ही छटाही होती. हे लक्षात घेतले की नाटकाचे पात्र उमराव असूनही ते 'ब्यूर्गरलिश' कसे, हा प्रश्न राहत नाही.

तुम्ही निबंध कशासाठी लिहीत आहात यावर काही गोष्टी अवलंबून आहेत. तीन तासांच्या परीक्षेत तिन्ही मते नीट मांडून एकाकडे कल दाखवणे पुरेसे आणि सुरक्षित असते. परीक्षक कोणत्या मताचे आहेत हा अंदाज बांधत बसू नका, तो बहुधा चुकतो. चर्चासत्रासाठी लिहीत असाल तर एकच प्रश्न धरा आणि एका प्रवेशावर टिकून राहा. आणि नाटक बसवत असाल तर हे सारे बाजूला ठेवून नटीला इतकेच विचारा की ते वाक्य तू कोणाकडे बघून म्हणतेस.

माझ्या वाचनातही एक जागा बसत नाही, तीही सांगून ठेवतो, कारण चांगला परीक्षक तुम्हाला तीच विचारेल. वार झाल्यावर बाप ओरडतो की देवा, मी हे काय केले, आणि एमिलिया म्हणते, वादळाने पाकळ्या उधळण्याआधी गुलाब खुडला, आणि त्या पित्याच्या हाताचे चुंबन घेऊ मागते. प्रिन्स आत आल्यावर ती म्हणते, तुम्ही नव्हे बाबा, मी स्वतःच. ओदोआर्दो तिला थांबवतो: असत्य ओठांवर घेऊन जगातून जाऊ नकोस. 'मी स्वतः' हे माझ्या मते तिने मिळवलेले शेवटचे सत्य आहे आणि बाप तेही काढून घेतो. पण मग हाताचे चुंबन कशाला, याचे समाधानकारक उत्तर मला पंधरा वर्षांत सापडलेले नाही. समीक्षक फ्रीडरिश श्लेगेलने १७९७ साली या नाटकाला नाट्यबीजगणिताचे मोठे उदाहरण म्हणून हिणवले होते. बीजगणित असते तर दोन्ही बाजू इथे जुळल्या असत्या. निबंधात ही जागा लपवू नका, उलट तिच्यापासून सुरुवात केली तरी चालेल. आणि शब्दमर्यादा आड आली तर मेहरिंग गाळा, गुलाब गाळू नका.